कॅमेरा उघडण्याआधी कारण सांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

लॅमिंग्टन रोडवर तुमच्या काउंटरवर कुणीही फोन ठेवला, की स्क्रू काढायच्या आधी तुम्ही बिघाडाचे कारण सांगता. गिरगावातल्या आमच्या मंडळाचे फोटो-व्हिडिओ सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वतीने हे जाहीर आभाराचे पत्र. ते थोडे लांबणार आहे. नुसते ‘आभारी आहोत’ लिहून थांबलो, तर तुम्ही नेमके काय दिलेत ते वाचणाऱ्याला कळणार नाही. लाखाच्या घरातला फोन घेतला म्हणजे पुढचे सगळे तो बघून घेईल, अशी समजूत मुंबईत घरोघरी आहे. फोनची हद्द कुठे संपते हे ओळखले की त्याच फोनातून दुप्पट काम निघते, हे तुम्ही शिकवलेत.

सुरुवात काचेपासून, कारण तुमच्याकडे येणाऱ्या ‘कॅमेरा खराब झाला’ या तक्रारींतल्या कितीतरी तिथेच मिटतात. रात्री मरीन ड्राइव्हच्या दिव्यांभोवती लांब पांढरे फराटे दिसू लागले, की माणूस थेट नवे मॉड्यूल, म्हणजे लेन्स आणि उजेड टिपणारा सेन्सर असलेला कॅमेऱ्याचा आतला अख्खा भाग, मागतो. फराटा एकाच दिशेने ओढल्यासारखा असेल तर तो काचेवरच्या बोटाच्या तेलाचा. काच पुसली त्याच्या आडव्या दिशेला फराटा पडतो, हे तुम्ही प्रत्येकाला त्याच्याच फोनवर दाखवता. दिव्याच्या समोरासमोर, चौकटीच्या दुसऱ्या बाजूला छोटे हिरवट ठिपके दिसतात, ती गोष्ट वेगळी. लेन्सच्या भिंगांमध्ये उजेड उलटसुलट परावर्तित होऊन ते येतात आणि महागातल्या महाग फोनमध्येही दिसतात. ते पुसून जात नाहीत. फोन किंचित तिरका करून दिवा चौकटीच्या मध्याकडे आणला किंवा बाहेर ढकलला, की सरकतात किंवा नाहीसे होतात. कॅमेऱ्यावर चिकटवलेली जादा टेम्पर्ड काच हे दोन्ही दोष वाढवते, कारण परावर्तनाला आणखी दोन पृष्ठभाग मिळतात. स्वतःच्या दुकानात त्या काचा विकायला ठेवूनही तुम्ही गिऱ्हाइकाला हे सांगता. हा सरळपणा बाजारात सहज मिळत नाही.

गुलालाचे तर तुमच्याशिवाय कुणी सांगितलेच नसते. मिरवणुकीत काच लाल झाली की हात आपोआप सदऱ्याच्या टोकाकडे जातो. गुलालात बारीक कण असतात आणि ते कापडाखाली घासले गेले की काचेवरचा परावर्तन रोखणारा थर ओरखडतो. ओलसर कापड लावले तर रंगाचा चिखल होऊन काचेभोवतीच्या धातूच्या कडेत बसतो. क्रम असा: फोन उलटा धरून हातातल्या रबरी ब्लोअरने हवा मारायची, मऊ कोरड्या ब्रशने कडा झटकायच्या, आणि शेवटी मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने, न दाबता फिरवायचे. तोंडाने फुंकर घालायची नाही, थुंकीचे थेंब जातात. स्पीकरच्या आणि माइकच्या भोकांत पिन घालायची नाही. मिरवणूक सुरू होण्याआधीच चार्जिंगच्या तोंडाला रबरी बूच लावून टाकायचे.

आता थरथरीकडे येतो. मोटारसायकलच्या हँडलला फोन लावून नकाशा बघणारे या शहरात किती आहेत ते रस्त्यावर दिसतेच. मोठ्या फोनमध्ये ओआयएस असते, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर राहावे म्हणून लेन्स किंवा सेन्सर चुंबक आणि गुंडाळीच्या जोरावर उलट दिशेला सरकतो. इंजिनाचे सतत, एकाच पट्टीतले कंपन त्या बारीक यंत्रणेला पोचते आणि ती हळूहळू बिघडू शकते. अॅपलने २०२१ साली आपल्या मदत-पानावर ही सूचना जाहीरपणे दिली आणि मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलला फोन लावूच नये, मोपेड किंवा स्कूटरला लावायचा तर कंपन शोषणारा माउंट वापरावा असे सांगितले. लक्षणे तुम्ही शिकवलीत ती अशी. कॅमेरा उघडताच चित्र जेलीसारखे हलते, बारीक गुणगुण ऐकू येते, फोकस पुढे-मागे जात राहतो. मग ०.५, १ आणि ३ किंवा ५ असे झूम पाळीपाळीने दाबून बघायचे. एकाच झूमवर चित्र हलत असेल तर तेवढेच मॉड्यूल गेले आहे. सगळ्यांवर हलत असेल तर आधी कव्हर काढून टाकायचे, कारण कव्हरातले चुंबक आणि चुंबकी होल्डरही ओआयएसच्या कामात अडथळा आणतात. कॅमेरा बंद असताना फोन हलवल्यावर आतून होणारी हलकी खडखड मात्र बहुतेक वेळा निर्दोष असते. वीज नसल्यावर तो भाग सैल लोंबतो, इतकेच. एवढ्यावर घाबरून आलेल्याला तुम्ही एक पैसाही न घेता परत पाठवता.

झूमबद्दल तुमच्याकडून मिळाले ते आमच्या सगळ्यात जास्त कामाला आले. जाहिरातीत १०० पट लिहिलेले असते, पण अशा फोनच्या मागे खऱ्या लेन्स तीन किंवा चारच असतात. बाकीचे सगळे आकडे म्हणजे कापून मोठे केलेले चित्र. शिवाय ५ पट दाबले म्हणून ५ पटीचीच लेन्स काम करते असे नाही. उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल, तर फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे जातो आणि त्याचेच चित्र कापून देतो. तुमची परीक्षा सोपी: झूम लावून टेलिलेन्सवर, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सवर, बोट ठेवायचे. पडदा काळा झाला नाही तर ती लेन्स वापरात नाही. कारणही साध्या हिशेबात सांगता येते. काही फ्लॅगशिपमध्ये, म्हणजे कंपनीच्या सगळ्यात वरच्या फोनांत, मुख्य लेन्स एफ १.७ आणि टेली एफ ३.४ आहे. एफचा आकडा मोठा, तितके लेन्सचे तोंड त्या मानाने लहान. आकडा दुप्पट झाला की तेवढ्याच जागेवर पोचणारा उजेड चौपट कमी होतो, वर टेलीचा सेन्सरही लहान. म्हणून शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो सकाळच्या उन्हात ५ पटीवर उत्तम येतात आणि संध्याकाळी सातनंतर मंडपात गाभाऱ्यातल्या मूर्तीचा मुकुट त्याच झूमवर मेणासारखा पसरतो. तिथे गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन १ किंवा २ पटीवर काढलेला फोटोच छापण्यालायक निघतो.

मेगापिक्सेलचेही तसेच. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर नेहमीच्या मोडमध्ये १६ पिक्सेल मिळून एक होतो आणि सुमारे १२ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. ४८ च्या सेन्सरवर चार मिळून एक, पुन्हा १२. ही फसवणूक नव्हे, कमी उजेडात डाग टाळायचा तो मार्ग आहे. पूर्ण २०० चा मोड भर दिवसा, न हलणाऱ्या गोष्टीसाठी ठेवायचा. सीएसएमटीच्या इमारतीवरची दगडी नक्षी सकाळी टिपायची असेल तर तो जरूर वापरावा. रात्रीच्या आरतीत त्याच मोडमध्ये दाणेदार फोटो आणि अवाढव्य फाइल यांपलीकडे काही हाती लागत नाही.

आरतीच्या फोटोसाठी तुम्ही सांगितलेली रीत आता आमच्याकडच्या नव्या मुलांना तोंडपाठ आहे. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरायचे, फोकस आणि उजेड लॉक झाल्याचे पडद्यावर दिसले की बाजूचे सूर्याचे चिन्ह खाली ओढायचे. मुकुटाच्या सोन्यातली नक्षी दिसू लागेपर्यंत खाली. चेहरा थोडा गडद वाटला तरी चालतो, तो नंतर उजळता येतो. पांढरे पडलेले सोने परत आणता येत नाही. नाइट मोड बंद. तो एकामागून एक अनेक चित्रे घेऊन जोडतो, आणि टाळ्या वाजवणारे हात त्या जोडणीत विरघळतात. नुसता रिकामा मंडप आणि रोषणाई पहाटे टिपायची असेल तेव्हा मात्र तोच मोड चालू करावा आणि फोन तिवईवर ठेवावा.

व्हिडिओत दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांनी मंडळांच्या छायाचित्रकारांना वर्षानुवर्षे सतावले आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. फोनचा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. शटर त्या लयीशी जुळले नाही की काही ओळी उजळ, काही काळ्या. उपाय तुम्ही फोनगणिक लिहून दिलात. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, त्यात पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू करून २५ फ्रेम निवडायच्या. सॅमसंगमध्ये प्रो व्हिडिओ मोड घेऊन शटर १/५० किंवा १/१०० वर बांधायचे. सजावटीच्या काही एलईडी माळांची लुकलुक वीजपुरवठ्याशी जुळत नाही, त्यांचा कंट्रोलर स्वतःच्या वेगाने दिवे चालू-बंद करतो. तिथे पट्ट्या जाईपर्यंत शटर एकेक पायरी सावकाश करत जाणे एवढाच इलाज.

आणि लेसर. हे ठळक अक्षरांत लिहायला हवे. मिरवणुकीतल्या डीजेच्या लेसरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर जळू शकतो. नंतर प्रत्येक फोटोत त्याच जागी रंगीत रेघ किंवा ठिपका राहतो, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने तो दुरुस्त होत नाही. मॉड्यूलच बदलावे लागते. त्या ट्रककडे फोन रोखायचाच नाही, पाठ करून उभे राहायचे. डोळ्यांसाठीही तेच बरे.

जागेचा हिशेब थोडक्यात. आयफोनच्या सेटिंग्जमध्येच आकडे दिलेले आहेत: एका मिनिटाला फोर-के ६० फ्रेमला सुमारे ४०० एमबी, फोर-के ३० ला १७०, १०८०पी ३० ला ६०. म्हणजे तासाला अनुक्रमे २४ जीबी, १० जीबी आणि साडेतीन जीबीच्या आसपास. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते, तेव्हा कुठला मोड लावायचा ते निघण्याआधीच ठरवावे. फोर-के ६० वर उन्हात फोन तापतोही लवकर. पडदा मंदावला, फ्लॅश बंद झाला की जाड कव्हर काढून सावलीत ठेवायचा, पॉवरबँक काढायची. बर्फाच्या पिशवीवर अजिबात नाही, आत दव धरते.

दवाचा विषय मुंबईत वेगळा सांगावा लागतो. एसी लोकलमधून दमट फलाटावर उतरताच काच धुरकट होते, कारण थंड काचेवर बाहेरची वाफ बसते. पुसले किंवा पाच-दहा मिनिटे थांबले की जाते. पुसूनही धुके तसेच राहिले तर ते काचेच्या आत आहे, म्हणजे सील गेले. अशा फोनने पावसात फोटो काढायचे नाहीत, तो चार्जिंगला लावायचा नाही, तुमच्याकडे यायचे. आयपी ६८ ही धूळ-पाणी रोखण्याची चाचणी गोड्या पाण्यातली आणि नव्या फोनवरची. गिरगाव चौपाटीवर गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून विसर्जन टिपणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. फोनवर लाट आलीच तर लगेच गोड्या पाण्याने हलके धुवायचा, चार्जिंगचे तोंड खाली करून तळहातावर ठोकायचा, आणि पूर्ण सुकेपर्यंत केबल लावायची नाही. खाऱ्या ओलाव्यातून वीज गेली की पिना हिरव्या पडतात. तांदळाच्या डब्यात ठेवायची घरोघरची सवय मोडायला तुम्हीच लावलीत. बारीक कणी आणि पीठ आत जाते, ओलावा मात्र तसाच राहतो. भर पावसात थेंबांमुळे पडदा भलतीकडेच दाबला जातो, तेव्हा शटरसाठी आवाजाचे बटण वापरावे.

छपाईची एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण मंडळाच्या अहवालाचे मुखपृष्ठ तिच्यावर अडते. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आक्रसतो. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापला, तर तो पाच इंच जेमतेम भरतो. मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच प्रतीला १३ बाय १० इंच छापता येतो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

दुरुस्तीच्या बाबतीत तुम्ही पाळता तो नियम इतर कारागिरांनीही उचलावा असे मनापासून वाटते. फक्त वरची काच फुटली असेल तर तुम्ही काचच बदलता, मॉड्यूलला हात लावत नाही. मॉड्यूल बदलावेच लागले तर आधी सांगता, की आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत अॅपलचा अस्सल नसलेला कॅमेरा बसवल्यास सेटिंग्जमध्ये तशी सूचना येते. मागची काच उघडली की सील नवे लावता, आणि तरीही पूर्वीइतका जलरोधकपणा राहील याची हमी देत नाही. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत देता.

दादा, ही सगळी माहिती आम्ही दोन पानांच्या तक्त्यात उतरवून काढली आहे. गणपतीआधी फोटो काढणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला ती मिळेल, शेजारच्या मंडळांनाही देणार आहोत. एक प्रत तुमच्या दुकानात ठेवतो. फोल्ड होणाऱ्या फोनांबद्दल त्यात काहीच लिहिलेले नाही. बिजागरीत गुलाल गेल्यावर काय करायचे ते तुम्ही सांगाल तसे जोडू. आणि कुठे चुकले असेल तर लाल पेनाने खुशाल खोडा, छपाई अजून व्हायची आहे.

तुमचे मनापासून आभार.

आपले,
मंडळाच्या छायाचित्रण गटातील सर्व कार्यकर्ते
गिरगाव, मुंबई