या दिवाळीला माझी वाट पाहू नका

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

काल फोनवर रडू आलं आणि बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून लिहिते आहे. या दिवाळीला मी नागपूरला येत नाही. बाबा, बर्डीवरचे ते एजंट तुम्हाला म्हणाले ना, ‘अर्ज टाकलाय तर पोरगी खुशाल येऊन जाईल’? ते अर्धंच सांगतात.

माझं वर्क परमिट सप्टेंबरात संपलं. त्याआधीच नव्या परमिटचा अर्ज टाकला होता, त्यामुळे निकाल येईपर्यंत मला इथे पहिल्यासारखं काम करता येतं. याला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. पण मी कॅनडात आहे तोवरच. पासपोर्टवरचा व्हिसाही परमिटसोबतच संपलाय. तो नव्यानं काढून परत आले, तरी परमिट हाती पडेपर्यंत कामावर जाता येणार नाही. मग शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता कुठून भरू?

आई, तू घाबरून विचारलंस, ‘वकील काऊन लागला, काही झालं का?’ झालं काहीच नाही गं. बागेच्या फेरफाराच्या वेळी बाबांनी वकिलाला कागद दाखवले होते, तसंच हे. वकीलबाईंचं नाव आधी ओंटारिओच्या लॉ सोसायटीच्या, म्हणजे इथल्या वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत तपासलं, मगच फी भरली. त्यांनी माझा शिक्षणाच्या वेळचा जुना अर्ज मागवला आणि ओळन् ओळ वाचला. तो याच एजंटांनी भरला होता. मी न वाचता सही केली होती. पूर्वी कुठल्या देशानं व्हिसा नाकारलाय का, या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. अमेरिकेनं मला नाकारलं होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं! अर्ज कुणीही भरो, जबाबदारी सही करणाऱ्याची. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडात पाच वर्षं बंदी येऊ शकते. हे कळल्यावर तीन रात्री माझा डोळा लागला नाही. वकीलबाईंनी नव्या अर्जात खरं ते लिहायला लावलं, चूक कशी झाली त्याचं पत्र जोडलं. आता निकालाची वाट पाहायची.

म्हणून बाबा, हात जोडून सांगते, विनूला इकडे नोकरीला पाठवण्यासाठी एफडी मोडू नका. ते एजंट ज्या एलएमआयएचे, म्हणजे परदेशी कामगार ठेवायला लागणाऱ्या इथल्या सरकारच्या मंजुरीचे, लाखो रुपये मागताहेत, त्याचा अर्ज इथला मालक करतो. फी एका जागेमागे १,००० डॉलर, आणि ती कामगाराकडून वसूल करायला मालकाला कायद्यानं बंदी आहे. नोकरी विकतच मिळत असेल तर ती नोकरी नाहीच. त्यांनी दिलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो मला पाठवा. विनूला कोऱ्या फॉर्मवर सही करू देऊ नका. सल्ल्याचे पैसे लागले तर मी देईन.

आई, सांबारवडी माझ्याविना कर, विनूला पोटभर खाऊ घाल. परमिट आणि व्हिसा वेळेत हाती आले, तर मृगाचा संत्रा तोडायला येईल तेव्हा मी काटोलच्या बागेत असेन.

तुमची,
माई