विषय : 'उपक्रम व सण-उत्सव शुल्क' घेऊनही सेवा न दिल्याबद्दल आणि हळदीकुंकवात रहिवासी महिलांचा अपमान केल्याबद्दल तक्रार

दि. २९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
ज्येष्ठ नागरिक निवास, पुणे

संदर्भ : खोली क्र. ११४, केंद्रप्रमुखांना ऑक्टोबरमध्ये पाठवलेले दोन ईमेल (दोन्ही अनुत्तरित)

महोदय,

माझी आई जून २०२४ पासून आपल्या निवासात राहते. मी नाशिकला असते, एक रविवार आड येते. दर महिन्याच्या बिलात 'उपक्रम व सण-उत्सव' या नावाने २,५०० रुपये वेगळे लावलेले असतात. आजवर वीस महिन्यांचे ५०,००० रुपये भरले. दिवाळीला 'फराळ शुल्क' म्हणून १,२०० वर घेतले, ते यात धरलेले नाहीत. या पैशांत आईला काय मिळालं, हे लिहायला बसले आहे. पत्र लांबेल, पण ईमेल छोटे लिहून पाहिले, त्यांचा उपयोग झाला नाही.

आधी परवाच्या रविवारचं, कारण त्यामुळेच हे पत्र लिहिते आहे. २५ तारखेला रथसप्तमीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. नातेवाइकांना निमंत्रण होतं, फोटोग्राफर होता, आपल्या नव्या प्रकल्पाचं बुकिंग करायला आलेली चार कुटुंबंही होती. आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. हिरवी इरकल, केसांत मोगऱ्याची वेणी. हॉलमध्ये गेल्यावर कार्यक्रम पाहणाऱ्या मुलीने माझ्यासमोर तिला सांगितलं, "आजी, तुम्ही मागच्या रांगेत बसा हं, तुम्हाला तिळगूळ तिकडेच आणून देते." मागची रांग म्हणजे नवरा हयात नसलेल्या बायकांची रांग. मी मोजलं. हॉलमध्ये रहिवासी बायका ३८ होत्या, त्यांपैकी २९ मागे. पुढच्या खुर्च्या भरेनात म्हणून बुकिंगला आलेल्या पाहुण्या बायकांना बसवलं. वाणाच्या स्टीलच्या वाट्या त्यांनाच मिळाल्या. त्या वाट्या आमच्याच २,५०० रुपयांतून आल्या असणार.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला यादी दिली होती आणि यादीत नावांपुढे 'स' आणि 'वि' अशी खूण होती. यादी मी स्वतः पाहिली. ती कुणी केली, हे मला लेखी हवं आहे.

आईचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आईने त्या बातमीचं कात्रण तिच्या पोथीत ठेवलेलं आहे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना ती संक्रांतीला गावातल्या सगळ्या बायकांना बोलवायची, कुणाच्या कपाळाकडे न बघता. आणि आता लिफ्ट, सीसीटीव्ही आणि 'आधुनिक जीवनशैली' असलेल्या आपल्या इमारतीत तिला मागे बसवलं जातं. आई तिथे काही बोलली नाही. खोलीत आल्यावर वेणी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मला बरं नाही म्हणून सांग."

आता कोजागिरी. ६ ऑक्टोबरची आपली सूचना माझ्याकडे आहे : 'कोजागिरी उत्सव, दुपारी ४ ते ५, डायनिंग हॉल'. दुपारी चार वाजता, पडदे ओढून, ट्यूबलाइटखाली दूध. कारण विचारलं तर सांगितलं, की स्वयंपाकघर सातला बंद होतं आणि रात्री मजल्यावर दोनच माणसं असतात. अडचण खरी असेल. मग त्या दिवशी स्वयंपाकघर दहापर्यंत चालू ठेवायचं, एका रात्रीपुरती चार माणसं जास्त बोलवायची. सण-उत्सवाचं शुल्क त्यासाठीच असतं ना? ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी बिनसाखरेचं दूध वेगळं नव्हतं. त्यांना सरळ ताक दिलं. कोजागिरीला ताक! मे महिन्यात आम्ही आईचं सहस्रचंद्रदर्शन केलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या बाईला आपण चंद्र उगवायच्या आत दूध पाजून झोपायला पाठवलंत.

त्या रात्री साडेनऊला ड्यूटीवरच्या एका मावशींनी आईला आणि आणखी दोघींना व्हीलचेअरवरून लिफ्टने गच्चीवर नेलं. वीस मिनिटं. ढग होते, तरी मधूनमधून चंद्र दिसला, असं आईने मला रात्रीच फोन करून सांगितलं. आपल्याकडे आल्यापासून तिने आपण होऊन रात्री केलेला हा पहिला फोन. दुसऱ्या दिवशी त्या मावशींना मेमो दिला गेला : 'परवानगीशिवाय रहिवाशांना गच्चीवर नेणे'. सुरक्षिततेचा मुद्दा मला समजतो. पण गच्चीचा कठडा माझ्या छातीपर्यंत आहे, मी उभी राहून पाहिलं आहे. दीड वर्षात तिथे झालेला एकमेव खरा सण त्या बाईंनी केला, तोही फुकट.

नवरात्रातलंही सांगते. आईने सप्टेंबरमध्ये केंद्रप्रमुखांना स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, की आपण भोंडला करू. पाटावर हत्ती काढायचा, पाट टेबलावर ठेवायचा, म्हणजे खुर्चीतल्यांनाही त्याच्याभोवती बसता येईल. गाणी तिला पन्नास तरी येतात. खिरापत रोज एकीच्या घरून, डबा वाजवून ओळखायची. खर्च शून्य. खोली १०९ मधल्या आजींना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण भोंडल्याचं गाणं सुरू केलं की त्या शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतात. हे मी ऐकलेलं आहे. त्या कागदाचं पुढे काय झालं, कळलं नाही. त्याऐवजी बाहेरून दांडियाचा ग्रुप आणि स्पीकर आणला. रहिवासी भिंतीला लागून बसले होते, तिघांनी कानाची यंत्रं काढून हातात धरली होती. त्याचे फोटो मात्र झकास आले. आपल्या माहितीपत्रकाच्या नव्या आवृत्तीत पान ६ वर हसणारी आजी आहे, ती माझी आई. तिला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. आणि ती हसत नव्हती, शेजारणीला ओरडून काहीतरी सांगत होती.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाबद्दल फार लिहीत नाही. पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले आणि तोवर मंडळी मांडवात बसून होती, एवढं पुरे. रोजच्या उपक्रमांचंही तसंच. वेळापत्रकात योग, वाचनकट्टा, कॅरम, महिन्यातून एक सहल. कॅरमला स्ट्रायकर नाही, पाण्याच्या बाटलीचं झाकण वापरतात. सहल वीस महिन्यांत एकदा, आळंदीला, आणि बसला रॅम्प नसल्यामुळे व्हीलचेअरवाले मागे राहिले. आई त्यांच्यातच.

आईला तिथे आणून ठेवलं ते मीच. करारावर सही करताना माहितीपत्रकातलं हे सगळं मला खोलीपेक्षा महत्त्वाचं वाटलं होतं, कारण औषध-पाणी कुठेही मिळालं असतं. ठरलेली सेवा न देणं म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवेतली त्रुटी, आणि जे करत नाही ते छापणं कलम २(२८) च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत बसतं.

माझं मागणं असं. हळदीकुंकवाला मागे बसवलेल्या सगळ्या बायकांची आपण स्वतः येऊन, त्याच हॉलमध्ये माफी मागावी. फोटोग्राफर नको. त्या मावशींचा मेमो मागे घ्यावा आणि हे पत्र वाचून त्यांची बदली होणार नाही, याची लेखी हमी द्यावी. आईचा फोटो काढून टाकावा. वीस महिन्यांच्या उपक्रम शुल्काचा खर्च कशावर झाला ते बिलांसह दाखवावं, ज्याचा हिशेब लागणार नाही ते परत करावं. आणि इथून पुढे सण कसा, कधी, कुठे करायचा हे रहिवाशांनी निवडलेल्या पाच जणांनी ठरवावं. नावं त्यांच्याकडे तयार आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवून नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
खोली क्र. ११४ मधील आजींची मुलगी

सोबत : वीस बिलांच्या प्रती, कोजागिरीची सूचना, माहितीपत्रकाचे पान ६, आईच्या भोंडल्याच्या अर्जाची झेरॉक्स

ता. क. : पत्र आईला वाचून दाखवलं. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. गाणी पन्नास नाहीत, बत्तीस आहेत. आणि त्या दिवशी ती शेजारणीला सांगत होती, की स्पीकरची पिन काढ.