होम्सला संसारात ओढू नका

मा. संपादक, रविवार पुरवणी यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाजलेल्या गुप्तहेरांच्या प्रेमजीवनावरचा लेख वाचला. लेखकाने आयरीन अ‍ॅडलरला शेरलॉक होम्सची प्रेयसी म्हणून बिनदिक्कत जाहीर करून टाकलंय. वर, निदान आजच्या मालिकांनी तरी बिचाऱ्याला मनासारखी जोडीदार मिळवून द्यावी, अशी इच्छाही व्यक्त केली आहे. शाळेत असताना भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स आमच्या घरी आला तो आजतागायत मुक्कामाला आहे. त्यामुळे राहवलं नाही.

आधी आयरीनबाईंचं. त्या ज्या कथेत येतात ती १८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात आली. त्यात होम्स बेकार मोतद्दाराचं सोंग घेऊन तिच्या मागावर जातो आणि थेट तिच्याच लग्नात जाऊन पोचतो. साक्षीदाराविना लग्न अडलेलं असतं, म्हणून रिकामटेकड्या दिसणाऱ्या या माणसाला हाताला धरून पुढे ओढतात. नवरा मुलगा गॉडफ्रे नॉर्टन नावाचा वकील. लग्न लागल्यावर नवरी साक्षीदाराच्या हातावर एक सोन्याचं नाणं ठेवते आणि होम्स ते घड्याळाच्या साखळीत अडकवायचं ठरवतो. म्हणजे ज्या बाईला हे लोक त्याची प्रेयसी म्हणतात, तिच्या लग्नाला हा साक्षीदार! पुढे ती त्याला चकवून निघून जाते आणि तो मेहनताना म्हणून तिचा फोटो तेवढा मागून घेतो. हे प्रेम नव्हे, असं होम्सचा मित्र आणि या कथा सांगणारा डॉ. वॉटसन याने पहिल्याच परिच्छेदात बजावून ठेवलंय. आता एखादी बाई आपल्याहून हुशार निघाली म्हणून पुरुषाला तिच्याबद्दल नुसता आदर वाटला, हे आपल्याला इतकं अवघड का जातं कुणास ठाऊक.

ही खाज जुनीच आहे म्हणा. १८९९ साली विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने होम्सवर नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्याने होम्सचे लेखक कॉनन डॉइलना तार करून विचारलं होतं, होम्सचं लग्न लावलं तर चालेल का? डॉइलना तोवर होम्सचा वीट आलेला. त्यांनी कळवलं, लग्न लावा, खून करा, काय हवं ते करा. बापानेच असा हात झटकल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. होम्स थंड आहे, त्याला भावना नाहीत, म्हणून तो प्रियकर होऊ शकत नाही, असं सगळे म्हणतात. ते मला पटत नाही. या माणसात प्रेमळपणा भरपूर आहे, फक्त त्याला वेळापत्रक नाही. आणि बिनवेळापत्रकाचा प्रेमळपणा मित्राला परवडतो, बायकोला नाही. हे मी अनुभवाने लिहितेय.

आमच्या ह्यांचे एक मित्र आहेत, सडेफटिंग. मी त्यांना भाऊजी म्हणते. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. पहाटे पाच वाजता खाली रस्त्यावर उभं राहून शिट्टी मारायची. शिट्टी ऐकली की, ज्यांना चहासाठी चार हाका माराव्या लागतात ते आमचे हे, मोजे शोधत अंधारात धडपडायला लागतात. "वहिनी, दोन दिवस नेतो हो ह्याला," असं खालूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. कुठला किल्ला, परतीची गाडी कुठली, काही विचारायची सोय नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते आणि दार लावून घेते. मग सहा महिने माणसाचा पत्ता नाही. पुन्हा आले की ओट्याला टेकून असे बोलत बसतात, जणू कालच उठून गेले होते. आम्हाला कुणालाही त्याचं काही वाटत नाही. हेच नवऱ्याने केलं असतं तर?

बॉस्कोम्बच्या खुनाची कथा काढून पाहा. वॉटसन नवराबायको सकाळी नाश्त्याला बसलेत, मोलकरीण तार घेऊन येते. होम्सची. दोन दिवस मोकळा आहेस का, सव्वाअकराची गाडी. वॉटसन घुटमळतो, हातात काम खूप आहे म्हणतो, आणि मेरीच त्याला म्हणते की जा, तुझे रोगी दुसरे डॉक्टर बघतील, हल्ली जरा फिका दिसतोस, हवापालट होईल. या मेरीवर कुणी मालिका काढत नाही. मला मात्र ती कथा वाचताना खुनाआधी ते टेबल दिसतं, आणि तिने मनातल्या मनात काय म्हटलं असेल तेही ऐकू येतं.

आता होम्सचे इतर गुण. तंबाखू ठेवायला इराणी सपाता, सिगार कोळशाच्या बादलीत, उत्तरं न दिलेली पत्रं चाकूने फळीला ठोकलेली, आणि बसल्या जागेवरून पिस्तूल झाडून भिंतीवर काढलेली राणीच्या नावाची आद्याक्षरं. खोलीतला मित्र म्हणून हे सगळं गमतीचं आहे. वॉटसन कुरकुरतो, आपण हसतो.

१९१३ सालच्या एका कथेत तर त्याने कहर केला. गुन्हेगाराला घरी बोलवायचं म्हणून तीन दिवस उपाशी राहिला, कपाळाला व्हॅसलीन, डोळ्यांत बेलाडोना, आणि मरायला टेकल्याचं असं सोंग घेतलं की वॉटसनच्याही पोटात गोळा आला. वर त्यालाच ऐकवलं की तू मामुली डॉक्टर, तुला काय कळतंय. शेवटी उठून म्हणतो, चल, काहीतरी पौष्टिक खाऊ. वॉटसन जातोही. बायको असती तर सरळ माहेरी गेली असती आणि तिचं काही चुकलं नसतं.

तीन वर्षं मेल्याचं भासवून परत येतो तेव्हाही तेच. थोरल्या भावाला ठाऊक असतं, वॉटसनला पत्ता नाही. मधल्या काळात वॉटसनची बायको गेलेली. होम्सला समोर बघून बिचारा आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा बेशुद्ध पडतो, आणि त्याच रात्री खिशात पिस्तूल टाकून त्याच्याबरोबर बाहेर पडतो. एक जाब नाही, एक रुसवा नाही. मित्राची वाट पाहिलेली हिशेबात धरत नाहीत. नवऱ्याची एक-एक रात्र धरली जाते.

आणि या सगळ्याच्या बदल्यात वॉटसनला मिळतं काय? गॅरिडेब नावाच्या तिघांच्या कथेत त्याच्या मांडीला गोळी चाटून जाते, आणि होम्सचा चेहरा बदलतो, ओठ थरथरतात. एवढंच. साठ कथांमध्ये असा क्षण हा एकच. वॉटसन म्हणतो, यासाठी एक सोडा, अनेक जखमा चालतील. वॉटसनला तेवढं पुरलं.

गुप्तहेराने लग्नच करू नये, असं नाही माझं म्हणणं. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या बंगाली कथांतल्या ब्योमकेश या गुप्तहेराने केलं आणि छान निभावलं. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रजित कपूरचा ब्योमकेश आला तेव्हा त्याची बायको सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी होती. पण ब्योमकेश मुळात घरातला माणूस. बायकोशी भांडतो, मूल सांभाळतो, आणि मित्र अजित त्याच घरात राहतो. त्या संसारात तिघांची जागा पहिल्यापासून आहे. होम्सच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत, आणि दुसरीत आपण बसलेलो असतो.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये ही विनंती. भाऊजी तुमचंच वर्तमानपत्र घेतात.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज