बाबांची होल्टर टेस्ट

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. बाबा, "छातीत कळ नाही, मग परत टेस्ट कशाला?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

हृदयाला रक्त कमी पडलं की आधी स्नायूचं काम बिघडतं, मग ईसीजी बदलतो आणि कळ येते ती सगळ्यात शेवटी. पुष्कळदा येतच नाही. त्यात तुमची शुगर जुनी. मधुमेहानं नसा बधिर होतात आणि दुखणं जाणवत नाही. यालाच डॉक्टर सायलेंट इस्केमिया म्हणतात. एक अटॅक येऊन गेल्यावर हे तपासायलाच हवं.

आई, हल्ली बाबा जिन्याच्या वळणावर थांबतात आणि चपलेचा पट्टा नीट करतोय म्हणतात, हे तू डॉक्टरांना सांग. ते स्वतः सांगणार नाहीत. त्यांच्या बाबतीत धाप हीच खूण असू शकते.

होल्टरमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. छातीवर इलेक्ट्रोड चिकटवतात, कमरेला छोटं यंत्र, ते 24 किंवा 48 तास सतत ईसीजी नोंदवत राहतं. ही टेस्ट शोधणाऱ्या नॉर्मन होल्टर यांचं सुरुवातीचं यंत्र 38 किलोंच्या आसपास होतं, पाठीवर बांधायचं! तेवढा वेळ आंघोळ राहू द्या, पण बाकी दिवस रोजच्यासारखाच जाऊ द्या. नुसतं पडून राहिलात तर काही कळायचं नाही. वहीत वेळ घालून लिहा: गोळी घेतली, जिना चढलो, धाप लागली. आलेखातली एसटी रेघ (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग) 1 मिलिमीटर किंवा जास्त खाली जाऊन मिनिटभर तशीच राहिली, तर डॉक्टर त्या वेळची नोंद बघतात. हे प्रकार सकाळी 6 ते दुपारी 12 मध्ये जास्त होतात, तेव्हा सकाळचं नीट लिहा.

पुढं स्ट्रेस थॅलियम (हृदयावर ताण देऊन रक्त कुठं कमी पोचतं ते दाखवणारी टेस्ट) सांगितली, तर गुडघ्यांमुळे ट्रेडमिलऐवजी इंजेक्शन देतील. त्याच्या आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, बाबा. अर्धा कपसुद्धा नाही.

टेस्ट केली की स्टेंट घालणारच, ही तुमची खरी भीती मला ठाऊक आहे. तसं नसतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात, प्रकृती स्थिर असलेल्यांना औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. पुष्कळांचं औषधं वाढवून भागतं. पण दोष कुठं आणि किती आहे, हे कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय ठरवणार?

अपॉइंटमेंटची तारीख कळवा, मी रजा टाकून येते. जुने ईसीजी, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव, आई.

तुमची,
मनू