वरून दिसतं तसं नसतं

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

टँकच्या स्कूलला पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर वाचला. त्या रात्री मी ताटावरून उठलो ते रागावून, असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. ताईच्या सासरची माणसं बसलेली होती आणि बोलायला लागलो असतो तर माझा परेडचा आवाज निघाला असता. फोनवरही तोच निघेल, म्हणून लिहितो.

त्या रात्री जेवताना तू म्हणालास, "बाबा, तुमची लढाई वेगळी होती. आता ड्रोन वरून सगळं दाखवतं. कॉलेजपासून मी स्क्रीनवर हेच करतोय, मला मैदान वाचता येतं." तू गेल्यावर धाकटीकडून मी तुझा तो कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ, कॉम्बॅट मिशन, सुरू करून घेतला. रात्री जेवणं झाली की बसतो.

खेळ चांगला आहे, हे आधी लिहितो. मिनिटभराचे हुकूम द्यायचे आणि मग दोन्ही बाजूंचं ते मिनिट एकदम चालतं, मध्ये हात घालता येत नाही, हे मला फार पटलं. रेडिओवर हुकूम गेला की गेला. "थांब, तिकडून नको" म्हणेपर्यंत गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते. गोळा कुठल्या कोनातून, कुठल्या पत्र्यावर लागला याचाही हिशेब तो ठेवतो. गोळीबार सुरू झाला की कमांडर झाकण लावून आत बसतो आणि झाकण लावलं की त्याला कमी दिसतं. करणाऱ्यांनी टँकवाल्यांचं ऐकलेलं दिसतं. पायदळ मागे ठेवून एकटा टँक गावात घुसवला की काय होतं, हे कळायला आमच्या पिढीची वर्षं गेली. तुला ते मिसरूड फुटायच्या आत कळलं. मला त्याचा अभिमान आहे.

पण माउसचं चाक फिरवलं की कॅमेरा वर वर जातो ना, तिथे माझ्या पोटात गोळा येतो. तू म्हणशील, प्रत्येक टँकला वेगळं दिसतं असंच त्या खेळात धरलंय. धरलंय खरं. पण त्या सगळ्या डोळ्यांमागे बसलेला तू एकटा आहेस. डाव्या टोकाच्या टँकला झाडीत काही दिसलं की उजव्या टोकाचा टँक तूच वळवतोस. खऱ्या ट्रूपमध्ये तीन टँक, तुला धरून नऊ माणसं, आणि ज्याला त्याला आपल्या काचेतून दिसेल तेवढंच. बाकीचं रेडिओच्या खरखरीतून, तेही पलीकडचा नीट सांगेल तर. आपल्याला सगळं दिसतंय असं तुला वाटेल, एवढी एकच भीती मला आहे. ती लिहिली. आता परत काढत नाही.

आता गाडीचंच, म्हणजे टँकचंच घे. टी-७२ काय किंवा टी-९० काय, नळी खाली झुकते जेमतेम सहा अंश. जुन्या सेंच्युरियन टँकची दहा झुकायची. म्हणजे टेकाडामागे धड लपवून नुसतं टरेट, म्हणजे वरचा नळीचा घुमट, वर काढायचं, हल डाउन व्हायचं, हे आपल्याला प्रत्येक टेकाडावर जमत नाही. खालच्या शत्रूवर नळी आणायची तर गाडी आणखी वर चढवावी लागते आणि पोट उघडं पडतं. कुठला उंचवटा आपल्या कामाचा, हे आकाशातून कळत नाही. वरून सगळी जमीन सपाट. गाडी सव्वादोन मीटर उंच, आणि तिला झाकणारी जमिनीची घडी ड्रोनच्या चित्रात नुसता रंगातला फरक असते. आधी गनरच्या सीटवर बसून साइटमधून बघ. मग उतर, समोर शंभर-दोनशे पावलं चालत जा आणि मागे वळून आपल्याच गाडीकडे शत्रूच्या डोळ्यांनी बघ. अँटेना दिसते का, काच चमकते का, ट्रॅकच्या खुणा थेट तुझ्यापर्यंत बोट दाखवतात का. प्रत्येक पोझिशनला कर. कंटाळा आला तरी कर. स्वतःला वेळ नसेल तर दफेदाराला पाठव, पण कुणीतरी जाऊन बघितल्याशिवाय...

परत तेच सुरू झालं बघ. माफ कर. तुला हे सगळं अकॅडमीत शिकवलंय आणि आता स्कूलमध्ये पुन्हा शिकवतील. माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील.

वाळवंटातल्या रात्रीच्या एक्सरसाइजची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ताईला माहीत आहे. लाइट बंद, पुढच्या गाडीची धूळ, मी कपोलातून, म्हणजे कमांडरच्या झाकणातून, छातीपर्यंत बाहेर, तोंडावर फडकं बांधलेलं. नकाशावर समोर मोकळं मैदान. ड्रायव्हरने हुकूम नसताना गाडी उभी केली. हेडसेटमध्ये एवढंच म्हणाला, "साब, आगे कुछ ठीक नहीं." मी टॉर्च घेऊन उतरलो. थोड्याच पावलांवर कधीकाळी कुणी खोदून सोडलेला खड्डा होता, गाडी नाकावर गेली असती एवढा खोल. त्याला तो दिसला नव्हता. तो पुढच्या गाडीच्या चाकोरीतून चालला होता, ती चाकोरी ट्रॅकखालून सुटली आणि वाळू भुसभुशीत झाली, ते त्याच्या हाताला लिव्हरमधून कळलं. त्या वेळी टरेटमध्ये गनर गाढ झोपेत होता. अजून भेटला की आम्ही त्याला त्यावरून बोलतो.

तुझ्या स्क्रीनवरचा ड्रायव्हर हुकमाशिवाय थांबत नाही. तुझ्या खऱ्या ड्रायव्हरचं वय तुझ्यापेक्षा जास्त असेल आणि तो तुला साहेब म्हणेल. मी रिसालदार म्हणून निघालो. आयुष्यभर लेफ्टनंट साहेबांच्या शेजारच्या गाडीत बसलो, म्हणून सांगतो: त्याने गाडी थांबवली की कारण विचार, पण अशा आवाजात विचार की पुढच्या वेळीही त्याला थांबावंसं वाटेल. तुझ्या खांद्यावर स्टार लावताना आईचे हात थरथरले, माझे नाही. नंतर मागे सरकून तुला सॅल्यूट केला तेव्हा मात्र मला तुझा चेहरा नीट दिसेना.

असल उत्तरची पाकिस्तानशी झालेली टँकची लढाई तू खेळात मांडून दाखवली होतीस, आठवतं? सप्टेंबर १९६५. समोर त्यांचे पॅटन टँक, आपल्याकडे डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन टँक, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. पॅटनला तोडीस तोड म्हणावेत असे ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन तेवढे. शेतांत पाणी सोडलं, टँक उसात लपवले, घोड्याच्या नालाच्या आकाराची मोर्चेबंदी केली आणि पॅटन जवळ येईपर्यंत कुणी गोळा टाकला नाही. अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस गनने टँक फोडत होता. त्या पॅटनच्या कमांडरांनाही समोर उभं पीकच दिसलं असेल. तू तेव्हा म्हणालास की आज ड्रोन असतं तर ऊस कामाला आला नसता. बरोबर आहे. पण ड्रोन त्याच्याकडेही असेल ना? आणि ज्या क्षणी जॅमिंगने तुझ्या स्क्रीनवर मुंग्या येतील, त्या क्षणी तुझ्याकडे काय उरेल? साइट, कान आणि आठ माणसं.

आखाती युद्धातल्या ७३ ईस्टिंगच्या लढाईचं उदाहरण तू माझ्यावर फेकलंस, तेही मी वाचून काढलं. २६ फेब्रुवारी १९९१, वाळूचं वादळ, आणि अमेरिकन कॅप्टन मॅकमास्टरच्या तुकडीने २३ मिनिटांत २८ इराकी टँक उडवले. उष्णतेवरून दाखवणाऱ्या थर्मल साइटमुळे त्यांना आधी दिसलं, मान्य. पण तेसुद्धा एका चढावर पोचले तेव्हा इराकी टँक एकदम समोर आले. पुढे अमेरिकनांनी ती लढाई संगणकात जशीच्या तशी उभी केली, आणि त्यासाठी लढलेल्या माणसांना बसवून विचारलं की तू कुठे होतास, तुला काय दिसलं, कधी दिसलं. तुझ्या हातात असे काम आले तर मन लावून कर. खेळ सोड असं मी म्हणत नाही, त्या रात्रीही म्हणणार नव्हतो.

आणि अरुण खेतरपाल. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, वय २१. सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सनी वाट अर्धीच मोकळी केली होती, तरी पूना हॉर्सचे टँक तिच्यातून पुढे गेले. त्यांची गाडी पेटली, बाहेर पडा म्हणून हुकूम आला, गन चालतेय म्हणून ते आत राहिले आणि तिथेच गेले. रिक्रुटांना ही गोष्ट मी छाती काढून सांगत आलो. त्यांचे वडीलही फौजी, ब्रिगेडियर. २००१ साली ते पाकिस्तानात गेले, तेव्हा ज्याच्या घरी उतरले त्या अधिकाऱ्यानेच सांगितलं की तुमच्या मुलाच्या टँकसमोर मी होतो. तू कमिशन झाल्यापासून मला त्या मुलापेक्षा तो बाप जास्त आठवतो. गाडी पेटली तर काय कर, हे मी रिसालदार म्हणून तुला सांगू शकतो. बाप म्हणून हात पुढे सरकत नाही, तेव्हा ते राहू दे.

आई हल्ली युक्रेनचे व्हिडिओ बघते. टरेट उडून बाजूला पडलेला टी-७२ दाखवून विचारते, "आपल्या बाळूची हीच का?" मी सांगतो, ते जुनं मॉडेल. आपोआप गोळा भरणाऱ्या ऑटोलोडरच्या तबकात २२ गोळे तुझ्या पायाखाली असतात, हे तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पहिल्या पत्रात, किंवा मेसेज केलास तरी चालेल, तुझ्या ड्रायव्हरचं नाव, गाव आणि तो त्या गाडीवर किती वर्षं आहे ते कळव. गनरचंही. खेळातली रात्रीची लढाई मला उघडता येत नाही, कसं करायचं ते धाकटीला फोनवर सांग. मला तीच खेळायची आहे. रविवारी आईशी बोल. ती फोन माझ्याकडे देईल, तेव्हा ठेवून देऊ नकोस.

तुझा,
बाबा