गुडमारच्या पावडरीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही मधुमेहावर घेता त्या गुडमार वनस्पतीच्या पावडरीचं इतकं कौतुक करत होतात की मला मध्ये बोलायला वावच मिळाला नाही. म्हणून हे पत्र.

झाडपाल्यात काही दम नसतो, असं मी म्हणणार नाही. तुमच्या मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या वनस्पतीतच आहे. तिच्यातल्या द्रव्यांचा अभ्यास होत होत १९५७ साली ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मेटफॉर्मिन मधुमेहासाठी पुढे आणली. पण त्या गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. तुमच्या डब्यावर काय, तर ‘१००% नैसर्गिक’!

गुडमारचं पान चघळल्यावर साखर वाळूसारखी लागते, हे मात्र खरं. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेला गोड चव थोडा वेळ कळू देत नाहीत. त्याने गोड खाणं कमी होणार असेल तर उत्तमच. रक्तातली साखर थोडी उतरल्याचे छोटे अभ्यासही आहेत, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडायची नाही.

मला धास्ती आहे ती तुमच्या दुसऱ्या गोळीची, ग्लिमेपिराइडची. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. त्यात ही पावडर आणि वर जेवायला उशीर, म्हणजे साखर ७० च्या खाली जाऊ शकते. आई, त्यांना दरदरून घाम आला, हात कापायला लागले, उगाच चिडचिड झाली (नेहमीची सोडून!), तर लगेच बोट टोचून साखर बघ. ७० च्या आत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून दे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोज. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नकोस, सरळ अँब्युलन्स बोलाव.

आणि पावडरीने साखर एकदम धाडकन उतरली तर खूश होऊ नका. मधुमेहाच्या काही ‘हर्बल’ औषधांत गुपचूप ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे ग्लिमेपिराइडच्याच जातीचं साखर उतरवणारं औषध, मिसळलेलं सापडलं आहे.

तेव्हा डॉक्टरांना दाखवेपर्यंत पावडर बंद, गोळ्या चालू. जाताना डबाच घेऊन जा. ते रागावतील म्हणून लपवू नका. त्यांनी हो म्हटलं तर खुशाल घ्या, फक्त घरी साखर मोजत राहा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करा.

डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठवा. मागच्या वेळी नुसता अंगठाच आला होता.

तुमची,
लेक