पांझरेचे टिंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांतून आता टॅबलेटवर अक्षरे गिरवून घेतात. असे एक ॲप मी स्वतः लिहिले आहे. त्यात माझ्या हातून झालेली चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून हे पत्र.

माझी बहीण साक्री तालुक्यात दुसरीच्या वर्गाला शिकवते. ॲप तिच्या मुलांसाठी केले. पेन टेकल्यापासून उचलेपर्यंतची रेघ म्हणजे एक स्ट्रोक. पेन कुठून कुठे गेले ते बिंदू त्यात क्रमाने साठतात, दाबही 0 ते 1 या मापात नोंदला जातो. शब्द लिहून झाला की अशा रेघांची यादी तयार होते आणि प्रोग्राम एकेक रेघ तपासतो. मुलांचे पेन चुकून टेकले की बारीक ठिपके उमटत. म्हणून पाचपेक्षा कमी बिंदूंची रेघ दिसली की काढून टाक, असे मी लिहिले.

आधी प्रोग्राम बंदच पडला. डॉट नेट या प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवस्थेत 'फॉरईच' या एकेक गोष्ट क्रमाने घेणाऱ्या आज्ञेने यादी फिरताना त्याच यादीतले काही काढले, की यादी बदलली म्हणून तो अडतो. मग क्रमांकाने फिरलो. तिसरी रेघ काढून टाकली की चौथी सरकून तिच्या जागी येते, प्रोग्राम मात्र पुढे गेलेला असतो. ती तपासायची राहूनच जाते. शेवटच्या रेघेपासून उलटे येत गेलो तेव्हा जमले.

वर्गात एका मुलाने गावच्या नदीचे नाव लिहिले, पांझरा. पडद्यावर उरले 'पाझरा'. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, मन्हं टिंब कथा गयं?" (माझं टिंब कुठे गेलं?) त्याने ते किती जपून दिले होते! अनुस्वार म्हणजे पेनाचा एक टेकू, तीन-चार बिंदूंची रेघ. कचरा समजून मी तोच काढत होतो. आपल्याकडे टिंब गेले की 'रंग'चा 'रग' होतो, 'मंद'चा 'मद'.

आता ठिपका शिरोरेषेच्या वर असेल तर हात लावत नाही. पण मुले शिरोरेषा शेवटी ओढतात, त्यामुळे छाटणी शब्द पुरा झाल्यावरच करता येते.

आणखी एक. लिखाणाचे नुसते चित्र साठवले की कोणती रेघ आधी काढली ते कळत नाही. मूल 'क'चा गोल उलटीकडून काढते का, हे बाईंना त्या क्रमावरूनच दिसते. रेघा साठवण्यासाठी इंकएमएल हे प्रमाणित स्वरूप 2011 पासून आहे.

ॲप घेण्याआधी शिक्षकांनी स्वतः त्यावर 'पांझरा' आणि 'नंदुरबार' लिहून पाहावे, आणि लिखाण रेघांसकट साठते का ते विकणाऱ्याला विचारावे.

आपला नियमित वाचक,
देवपूर, धुळे